हार्टवर्मची गोळी दर दोन-तीन महिन्यांनी चुकतेच? आधी ती काम कशी करते ते बघा

दर वर्षी गणपतीत आमच्या घरी एकच चूक व्हायची. आमच्या कुत्रीची, चिंगीची, हार्टवर्मची (डासांमार्फत येऊन हृदयाजवळ वाढणाऱ्या जंतावरची) गोळी १० तारखेला द्यायची असं ठरलेलं, आणि १० तारीख उजाडायची तेव्हा आम्ही कणकवलीला पोचलेलो असायचो. गोळ्यांचं पाकीट मुलुंडला, फ्रिजवरच्या टोपलीत. परत आल्यावर सामान लावायचं, मुलाची चाचणी परीक्षा, ऑफिस. गोळी आठवायची ती महिना उलटून गेल्यावर. त्यावर माझा आणखी एक शहाणपणा असायचा: "आता पुढच्या १० तारखेलाच देऊ, म्हणजे हिशेब बिघडणार नाही." असे आणखी पंधरा-वीस दिवस जायचे.

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी विचारलं, "गोळी वेळेवर चालू आहे ना, ताई?" मी हो म्हटलं. घरी आल्यावर मात्र मनाला टोचणी लागली म्हणून आदल्या वर्षीचं कालनिर्णय काढलं. गोळी दिली की त्या दिवसावर मी हिरव्या पेनाने गोल करते. बारा महिन्यांत सात गोल. जुलैत १० तारखेला एक, आणि त्यानंतरचा थेट २४ सप्टेंबरला. मधले ७६ दिवस काहीच नाही.

त्या कालनिर्णयाची पानं घेऊन मी पुन्हा दवाखान्यात गेले. त्या अर्ध्या तासात जे कळलं ते आधी कळलं असतं तर माझ्या निम्म्या चुका झाल्याच नसत्या. म्हणून इतकं सविस्तर लिहितेय. माझ्या ओळखीच्या जवळजवळ प्रत्येक कुत्रेवाल्या घरात ही गोळी चुकते, आणि बहुतेक ठिकाणी कारण आळस नसतं. ती काय करते याचा समज उलटा असतो.

गोळी पुढच्या महिन्यासाठी नसते

मी धरून चालले होते की गोळी दिली की पुढचे ३० दिवस कुत्र्याभोवती कवच तयार होतं. मग एखादा महिना चुकला तर तेवढ्याच महिन्याचा धोका, पुढची गोळी दिली की पुन्हा कवच. बहुतेक महिन्याच्या गोळ्यांचं काम याच्या बरोबर उलट चालतं. गोळीचा असर महिनाभर अंगात टिकून राहत नाही. ती मागच्या महिन्यात शिरलेल्या अळ्या मारते. आज दिलेली गोळी गेल्या ३० दिवसांतल्या डासांचा हिशेब चुकता करते.

हे समजायला जंताचा प्रवास माहीत हवा. हार्टवर्म म्हणजे डायरोफिलारिया इमिटिस. माणसाला हत्तीरोग देणाऱ्या जंताचा हा भाऊबंद, आणि तोही डासामार्फतच पसरतो. रोग असलेल्या कुत्र्याला डास चावला की रक्ताबरोबर जंताची सूक्ष्म पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, डासाच्या पोटात जातात. साधारण २७ अंश तापमान असेल तर १० ते १४ दिवसांत त्यांची संसर्ग करू शकणारी अळी तयार होते. तो डास मग दुसऱ्या कुत्र्याला चावतो, अळी सोंडेतून कातडीवर उतरते आणि चाव्याच्या भोकातून आत शिरते.

आत शिरलेली ही तिसऱ्या अवस्थेतली अळी ३ ते १२ दिवसांत कात टाकून चौथ्या अवस्थेत जाते. पुढे ५० ते ७० दिवसांच्या सुमारास पुन्हा कात टाकते आणि तिचा तरुण जंत होतो. हा जंत हळूहळू फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमन्यांत आणि हृदयाच्या उजव्या बाजूला मुक्काम करतो. सहा-सात महिन्यांत पूर्ण वाढ होते. मादी २५ ते ३० सेंटीमीटर लांब, शिजलेल्या शेवईसारखी. ती पाच ते सात वर्षं जगते.

गोळी मारते ती तिसऱ्या आणि चौथ्या अवस्थेतल्या अळीला. एकदा तरुण जंत झाला की महिन्याच्या गोळीचा त्याच्यावर भरवसा धरता येत नाही. म्हणजे डास चावल्यापासून आपल्या हातात जेमतेम ५० दिवस असतात. महिन्याची गोळी महिन्यानेच का, तर त्या ५० दिवसांत एकदा तरी ती अळीला गाठावी आणि चार दिवस मागेपुढे झाले तरी निभावून जावं म्हणून.

आता माझे ७६ दिवस बघा. ११ जुलैला चिंगीला रोगट डास चावला असता, तर २४ सप्टेंबरला ती अळी ७५ दिवसांची झाली असती. मी दिलेली गोळी तिच्यापर्यंत पोचायला उशीर झालेला असता. २४ सप्टेंबरनंतर मी कितीही शिस्तीने वागले असते तरी तो एक जंत तिथेच राहिला असता. हे ऐकल्यावर मला खरंच वाईट वाटलं, कारण चिंगीला यातलं काही सांगता येत नाही. ते आपणच लक्षात ठेवायचं.

उशीर झालाय, आता काय करू?

ठरलेल्या तारखेनंतर साधारण पंधरा दिवसांच्या आत लक्षात आलं, तर आठवलं त्या क्षणी गोळी द्या आणि तीच नवी तारीख धरा. "आता १० तारखेलाच देऊ" हे करू नका. दोन गोळ्या एकदम देऊन भरपाईही करू नका, त्याने काही साधत नाही.

त्याहून जास्त उशीर झाला असेल तर डॉक्टरांना फोन करा आणि किती दिवस झाले ते खरं सांगा. बहुतेक वेळा गोळी लगेच सुरू करायला सांगतात, रक्त तपासतात आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासायला बोलावतात. दोन-तीन महिन्यांचा खंड पडला असेल तर आधी तपासणी, मग गोळी. याचं कारण असं, की रक्तात मायक्रोफायलेरिया भरपूर असतील तर काही औषधांनी ती एकदम मरतात आणि कुत्र्याला झटका बसू शकतो. हे मनाने ठरवायचं काम नाही.

दोनदा तपासणी कशाला, असं माझ्या नवऱ्यानेही विचारलं होतं. हार्टवर्मची नेहमीची तपासणी ॲन्टिजेनची असते. ती पूर्ण वाढलेल्या मादी जंताचा अंश रक्तात शोधते. डास चावल्यापासून पाच-सहा महिने उलटल्याशिवाय त्यात काही दिसतच नाही. सप्टेंबरात गोळी चुकली, ऑक्टोबरात तपासलं, रिपोर्ट निगेटिव्ह आला, तर त्याचा अर्थ एवढाच की एप्रिलच्या आधीपर्यंत बहुधा सगळं ठीक होतं. सप्टेंबरचं उत्तर मार्चमध्ये मिळणार. आम्ही चिंगीचं मार्चमध्ये तपासलं. निगेटिव्ह आलं. त्या दिवशी दवाखान्याबाहेर पायरीवर बसून मी तिला अर्धा पाकीट बिस्किटं दिली.

तारीख लक्षात कशी ठेवायची: आमची संकष्टी

मोबाइलचा गजर लावून बघितला. ऑफिसच्या मीटिंगमध्ये वाजतो, आपण बंद करतो, संपलं. कामाचा उपाय सासूबाईंनी सुचवला. त्या म्हणाल्या, "अगं, मी संकष्टी कधी चुकते का? त्या दिवशी दे तिला." मी कालनिर्णय उलटंपालटं करून बघितलं आणि हे किती चपखल आहे ते कळलं. संकष्टी साधारण साडेएकोणतीस दिवसांनी येते, म्हणजे महिन्यापेक्षा उशीर होतच नाही. अधिक महिन्यातही ती असतेच. आणि आमची खरी अडचण होती गणपतीची. संकष्टी वद्य चतुर्थीला, गणेश चतुर्थी शुद्ध चतुर्थीला. म्हणजे एक गोळी गणपतीच्या पंधरा दिवस आधी घरीच दिली जाते, आणि पुढची अनंत चतुर्दशीनंतर चार-पाच दिवसांनी, तोवर आम्ही मुलुंडला परत. दिवाळीही तशीच सुटते, कारण आश्विनातली संकष्टी दिवाळीच्या आधी आठवडाभर येऊन जाते.

रात्री चंद्रोदयाला सासूबाई ताट वाढून घेतात, तेव्हा चिंगीची गोळी. दोन वर्षांत एकदाही चुकलेली नाही. तुमच्या घरी संकष्टी पाळत नसतील तर महिन्याला हमखास होणारी दुसरी एखादी गोष्ट धरा: सोसायटीच्या मेंटेनन्सचा चेक, सिलिंडरचं बुकिंग नको कारण ते पुढेमागे होतं, पगाराचा दिवस चालेल. गोष्ट घरातल्या एकापेक्षा जास्त माणसांच्या डोक्यात असलेली हवी. एकट्याच्या आठवणीवर सोडलेली गोळी चुकते, हा माझा अनुभव.

गोळी दिली होती, पण पोटात गेली का?

पावसाळ्यात एकदा दारामागचं चपलांचं कपाट सरकवलं तर मागे भिंतीला चिकटलेल्या दोन तपकिरी वड्या. एकीवर दातांच्या खुणा, कडेला मुंग्या. चिंगी गोळी तोंडात घ्यायची, शेपूट हलवत बाहेरच्या खोलीत जायची आणि तिथे टाकून यायची. कालनिर्णयावर माझे हिरवे गोल झालेले, प्रत्यक्षात गोळी कपाटामागे.

चघळायची गोळी असेल तर ती चावून खाल्ली पाहिजे, अख्खी गिळवून चालत नाही असं काहींवर लिहिलेलं असतं. काही गोळ्या पोट भरलेलं असताना द्याव्या लागतात. तुमच्या पाकिटावर काय म्हटलंय ते एकदा नीट वाचा. मी आता गोळी हातावरूनच देते, तीन-चार तुकडे करून, एक तुकडा खाल्ला की दुसरा. नंतर थोडा साधा भात हातानेच भरवते, म्हणजे तोंडात उरलेलं खाली जातं. पाच मिनिटं ती माझ्यासमोरून हलत नाही. पुढचा तास-दोन तास उलटी होते का तेही बघा. झाली तर डॉक्टरांना विचारून पुन्हा द्यावी लागते.

कुत्रं गोळीला दादच देत नसेल तर मानेवर कातडीला लावायचं औषध मिळतं. ते केसांवर नाही, केस बाजूला करून कातडीवर पडलं पाहिजे. आपल्याकडे पावसाळ्यात कुत्र्याला खाज सुटली की खोबरेल तेल चोळायची सवय असते. अशा तेलकट अंगावर, किंवा आंघोळ घालून अजून ओलसर असलेल्या अंगावर, औषध टाकू नका. आधी-नंतर आंघोळीला किती दिवसांचं अंतर ठेवायचं ते पाकिटावर दिलेलं असतं.

वजनाचंही बघा. पिल्लू असताना ८ किलोच्या गटाची गोळी सुरू केली आणि कुत्रं १८ किलोचं झालं तरी तेच पाकीट आणत राहिलो, असं आमच्या शेजारी झालं होतं. घरच्या काट्यावर कुत्र्याला उचलून उभं राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा. वाढत्या पिल्लाचं हे दर महिन्याला, मोठ्याचं तीन-चार महिन्यांतून एकदा.

"जंताची गोळी तर देतेस ना?"

हा गोंधळ सगळीकडे आहे. दर तीन महिन्यांनी दिली जाते ती जंताची गोळी पोटातल्या जंतांसाठी असते: गोल जंत, अंकुश जंत, पट्टकृमी. त्यात सहसा प्राझिक्वान्टेल, पायरँटेल, फेनबेन्डाझोल किंवा फेबँटेल असतं. यातल्या कशानेही हार्टवर्म थांबत नाही. गोचिडांसाठी मानेवर टाकायचं फिप्रोनिल नाही, गोचिडांसाठी खायला मिळणाऱ्या फ्लुरालानेरच्या वड्यांनीही नाही. गोचिडांचा पट्टा घातला म्हणजे डासांचंही झालं, असं तर मुळीच नाही.

पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. हार्टवर्मच्या औषधात या चारपैकी एक नाव असतंच: आयव्हरमेक्टिन, मिल्बेमायसिन, मॉक्सिडेक्टिन, सेलामेक्टिन. एकाच कंपनीच्या दोन पाकिटांची नावं जवळजवळ सारखी असतात, एकात गोचिडांचंच औषध आणि दुसऱ्यात दोन्ही. दुकानदार घाईत असतो. मला एकदा असंच चुकीचं पाकीट मिळालं होतं आणि मी दोन महिने तेच दिलं. तेव्हापासून जुन्या पाकिटाचा नाव दिसेल असा फोटो काढून नेते.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. कोरोनाच्या दिवसांत घरोघरी आयव्हरमेक्टिनच्या १२ मिलिग्रॅमच्या गोळ्या आणल्या गेल्या. त्या अजून कुणाकुणाच्या औषधांच्या डब्यात पडून आहेत, आणि "हेच तर औषध आहे, अर्धी देते" असं मी एकीच्या तोंडून स्वतः ऐकलंय. हिशेब करा. हार्टवर्म टाळायला आयव्हरमेक्टिन लागतं किलोमागे ६ मायक्रोग्रॅम. २० किलोच्या कुत्र्याला १२० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.१२ मिलिग्रॅम. माणसाची एक गोळी त्याच्या शंभरपट. अर्धी म्हटली तरी पन्नासपट. ती घरात सुरीने कापून बरोबर करता येत नाही. गुराढोरांच्या इंजेक्शनचंही तसंच, एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. कोली या मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यांच्या जातीत आणि त्या जातकुळीच्या बऱ्याच कुत्र्यांत एक जन्मजात दोष असतो, त्यामुळे हे औषध त्यांच्या मेंदूत साठतं. मोठ्या डोसाने कुत्रं झोकांड्या खातं, लाळ गळते, दिसेनासं होतं, बेशुद्ध पडतं. हार्टवर्मच्या नेमक्या डोसात मात्र हेच औषध त्यांनाही सुरक्षित आहे. सगळा फरक मात्रेचा. जपानमधल्या मातीतल्या एका जीवाणूपासून हे औषध निघालं, आणि ते शोधणाऱ्या सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल मिळालं. इतकं मोलाचं औषध अंदाजपंचे वापरू नका.

स्लाइडवर मायक्रोफायलेरिया दिसला

गेल्या वर्षी चिंगीला ताप आला. गोचीड ताप असेल म्हणून जवळच्या दवाखान्यात रक्त दिलं. तिथे स्लाइडवर वळवळणारा मायक्रोफायलेरिया दिसला आणि मला सांगण्यात आलं, "हार्टवर्म आहे, महागडं औषध लागेल, आजच सुरू करा." मी रडत घरी आले. मग मनात आलं, आता तर मी संकष्टी एकही चुकवली नाही, मग हे आलं कुठून? दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी समजावलं ते असं. आपल्याकडच्या कुत्र्यांच्या रक्तात दिसणारी सगळीच पिल्लं हार्टवर्मची नसतात. डायरोफिलारिया रेपेन्स नावाचा जंत कातडीखाली राहतो, तोही डासांनीच येतो. तो क्वचित माणसाच्या डोळ्यातही सापडतो, केरळात अशा रुग्णांची नोंद आहे. तिसरा ॲकॅन्थोकायलोनेमा रेकॉन्डिटम, हा पिसवांनी येतो आणि सहसा त्रास देत नाही. ताज्या रक्ताच्या थेंबात हार्टवर्मचं पिल्लू एका जागी वळवळत राहतं, तर हा पिसवांचा पाहुणा सरळ सरकत जातो. पक्कं ओळखायला नॉटची तपासणी करतात, त्यात लांबी मोजतात, डोकं आणि शेपटी बघतात. चिंगीच्या रक्तातल्या या पिल्लांची शेपटी आकड्यासारखी वळलेली निघाली. ॲन्टिजेन निगेटिव्ह. आमच्या दाराशी येणाऱ्या मांजरांमुळे घरात त्या पावसाळ्यात पिसवा झाल्या होत्या, त्यांचं निमूटपणे औषध केलं.

तेव्हा स्लाइड पॉझिटिव्ह आली तर दोन गोष्टी मागा: ॲन्टिजेनची तपासणी आणि पिल्लांची जात ओळखणं. दोन्ही झाल्याशिवाय मोठ्या उपचाराला हो म्हणू नका. उलटही खरं आहे: जंत थोडे असतील, किंवा सगळे नर असतील, तर ॲन्टिजेन निगेटिव्ह येऊ शकतं. कुत्र्याला खोकला असेल, जिन्यावर धाप लागत असेल आणि रिपोर्ट निगेटिव्ह असेल, तर डॉक्टरांना सोनोग्राफीविषयी विचारा.

खरा हार्टवर्म मी एकदाच जवळून बघितला. आमच्या वरच्या मजल्यावर गुवाहाटीहून बदली होऊन आलेलं कुटुंब आहे, त्यांचा लॅब्रडोर बडी. हार्टवर्म भारतात सगळीकडे सारखा नाही, ईशान्येत तो जास्त आढळतो. मुंबईत तो तितका नाही. पण बदल्या होतात, कुत्री माणसांबरोबर प्रवास करतात, आणि डास इथे आहेतच. बडी चौथ्या मजल्यावर चढताना दुसऱ्या मजल्यावर बसून खोकायचा. वहिनींना वाटायचं दमट हवा मानवत नाही. हृदयाची सोनोग्राफी केली तेव्हा मी बरोबर गेले होते. पडद्यावर काळ्या पोकळीत दोन-दोन पांढऱ्या समांतर रेघा हलत होत्या, गणितातल्या 'बरोबर'च्या चिन्हासारख्या. डॉक्टर म्हणाले, "ही प्रत्येक जोडी म्हणजे एका जंताच्या दोन कडा."

त्यावरचा उपचार लांबलचक असतो. बडीला आधी महिनाभर डॉक्सीसायक्लिन, ते जंताच्या अंगात राहणाऱ्या वोल्बाखिया नावाच्या जीवाणूंना मारतं आणि जंत अशक्त होतो. मग महिन्याचं औषध, आणि कित्येक महिने धावणं बंद, खेळ बंद, पट्ट्यानेच खाली, तोही लघवी-शीपुरता. मेलेल्या जंतांचे तुकडे फुप्फुसात जाऊन अडकतात आणि कुत्रं पळालं तर जिवावर बेततं. दोन वर्षांच्या लॅब्रडोरला घरात बांधून ठेवणं काय असतं ते वहिनींच्या चेहऱ्यावर दिसायचं. चौदा महिन्यांनी रिपोर्ट निगेटिव्ह आला.

पावसाळा संपला, आता बंद करू?

नाही. थंड प्रदेशांत हिवाळ्यात गोळी थांबवतात, कारण साधारण १४ अंशांखाली डासाच्या पोटातली अळी वाढत नाही. मुंबईत जानेवारीतही असे दिवस सलग येत नाहीत. आणि आपल्याकडचे डास पावसावर अवलंबून नाहीत. गटारात आणि नाल्यात वाढणारा क्युलेक्स तर पाऊस थांबून पाणी साचून राहिलं की जास्त त्रास देतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये संध्याकाळी मुलुंडच्या खाडीच्या बाजूला उभं राहून बघा. म्हणून बारा महिने. आणि शेवटच्या डासानंतरही एक गोळी लागतेच, कारण ती मागचं साफ करते.

डास कमी करणं हा गोळीला जोड म्हणून उपाय आहे, बदली म्हणून नाही. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून दर रविवारी कुंड्यांखालच्या बश्या, फ्रिजमागचा ट्रे, एसीच्या पाण्याची बादली, गच्चीवरची ताडपत्री, सगळं रिकामं करायचं. एडिस जातीच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी टिकतात, तेव्हा पाणी ओतून भागत नाही, काथ्याने घासायला लागतं. महापालिकेची माणसं टाक्यांची झाकणं बघायला आली की त्यांना गच्चीची किल्ली द्या, कटकट समजू नका.

आमच्या गेटबाहेर भटक्या कुत्र्यांसाठी आम्हीच सिमेंटच्या कुंड्या ठेवल्यात. एका रविवारी टॉर्च मारला तर तळाशी पाण्यात डासांच्या अळ्या उलट्या लटकलेल्या, श्वास घ्यायला वर येणाऱ्या. कुत्र्यांच्या पाण्यातच कुत्र्यांचे डास. आता त्या कुंड्या रोज सकाळी वॉचमन काका आलटूनपालटून उपडी करतात.

कुत्र्याच्या अंगाला माणसांची डास पळवायची मलमं लावू नका, ती चाटून पोटात जातात. टी ट्री तेल तर अजिबात नाही. बंद खोलीत कुत्र्याशेजारी कॉइल जाळू नका. पंखा, खिडकीला जाळी, संध्याकाळी सहा ते आठ बाल्कनीचं दार बंद, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन असलेलं कुत्र्याचं औषध आणायच्या आधी डॉक्टरांना मांजराचं सांगा, मांजराला ते विषासारखं आहे.

नवीन कुत्रं आणलंय, किंवा दत्तक घेतलंय

पिल्लू असेल तर आठ आठवड्यांपासून गोळी सुरू करता येते. सात महिन्यांच्या आतल्या पिल्लाला आधी तपासणीची गरज नसते, कारण दिसण्याइतका जंत झालेलाच नसतो. सुरू केल्यावर सहा महिन्यांनी तपासा. मोठं कुत्रं असेल तर आधी तपासणी, मग गोळी, सहा महिन्यांनी पुन्हा, आणि पुढे दर वर्षी. ते कुठून आलंय हे नक्की सांगा. आसाम, मिझोराम, केरळ, ओडिशा अशा भागातून आलेलं असेल तर डॉक्टर जास्त बारकाईने बघतात.

दवाखान्यात जाताना कालनिर्णयाच्या पानांचे फोटो न्या, गेल्या बारा महिन्यांचे. पाकिटाच्या मागच्या बाजूचा एक फोटो, आणि आजचं वजन. चुकलेल्या तारखा लपवू नका. मी सात गोल घेऊन गेले तेव्हा डॉक्टर रागावले नाहीत, त्यांनी पेन घेऊन प्रत्येक खंडाचे दिवस मोजले आणि तिथूनच रक्त कधी काढायचं ते ठरवलं.